डाळ आळंदीत, भाजी मुक्कामावर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसऱ्यांदा घरात मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा आमची मंडळी चहा गाळता गाळता म्हणाली, "हे तर आपलं २०१५ साल." त्या सालाकडे येतोच. आधी तुमचं म्हणणं मला जसं कळलं तसं मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा.

तुम्ही तेहतीस वर्षांचे. चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर आहात. कंत्राट सप्टेंबरअखेर संपतंय आणि पुढे वाढवणार की नाही यावर कोणी तोंड उघडत नाही. घरात बायको, पाच वर्षांची मुलगी. गावाकडे आई, तिला मधुमेह. पर्सनल लोनचा महिना अकरा हजारांचा हप्ता. मेव्हणे म्हणतात, तीन लाख घाला, भागीत हार्डवेअरचं दुकान टाकू. आई म्हणते, विठ्ठलावर सोड. मित्र म्हणतो, पाच वर्षांचा प्लॅन कागदावर उतरव. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "प्लॅन करायला बसलो की वाटतं, आपला देवावर विश्वासच नाही. देवावर सोडलं की रात्री तीनला जाग येते." एवढं लिहून, एकदा वारीला यावं का, असंही विचारलंत. त्याचं उत्तर शेवटी देतो.

मी कीर्तनकार नाही, तत्त्वज्ञान मला विचारू नका. एकतीस वर्षं कृषी सहाय्यक होतो, बहुतेक नोकरी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात आणि आसपास झाली, २०१९ला निवृत्त झालो. दुसरं काम म्हणजे माऊलींच्या सोहळ्यात रथामागच्या एका दिंडीची कोठी, म्हणजे सामानसुमान आणि जेवणखाण, सांभाळतो. करोनाची दोन वर्षं सोडली तर बावीस वाऱ्या झाल्या. शिधा, भांडी, ट्रक, तंबू, पाणी, भिशीचा म्हणजे वारकऱ्यांच्या वर्गणीचा हिशेब, सगळं कोठीवाल्याच्या गळ्यात. देवाच्या नावाने निघालेल्या पावणेदोनशे माणसांना दोन वेळ जेवू घालायचं, आणि उद्या पाऊस पडेल का, ट्रक पोचेल का, हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, एवढाच माझा अधिकार.

मला दिसतंय ते असं की देव की प्लॅन हा तुमचा पेच नाहीच. तुम्हाला देवाकडून हमी हवी आहे आणि प्लॅनकडूनही हमीच हवी आहे. नोकरी टिकेल याची, दुकान चालेल याची, आई बरी राहील याची. दोघांपैकी कुणीच ती देत नाही, म्हणून तुम्ही एकाकडून दुसऱ्याकडे पळताय. रात्री तीनला देवाकडे, सकाळी ऑफिसच्या बसमध्ये एक्सेल शीटकडे. हमीची मागणी बाजूला ठेवली की दोघांचं एका घरात छान चालतं. ते कसं, हे मी कोठीच्या भाषेत सांगतो, कारण मला तीच येते.

आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, अठरा-एकोणीस दिवस. आमच्या एका पंगतीला आठ-नऊ किलो तूरडाळ लागते, सतरा-अठरा किलो तांदूळ. डाळ, तांदूळ, तेलाचे डबे, गूळ, चहा, मीठ-मिरची, औषधांची पेटी, ताडपत्र्या हे सगळं आळंदी सोडायच्या आधी ट्रकमध्ये चढलेलं असतं, पूर्ण वाटेचं. त्यात काटकसर चालत नाही आणि 'बघू पुढे' चालत नाही. पण भाजी? भाजी मी मुक्कामावर घेतो. लोणंदला काय मिळेल, तरडगावात काय मिळेल, हे आळंदीत बसून ठरवत नाही. पहिल्या वर्षी मी फार हुशारी केली होती. पुण्याच्या मार्केट यार्डातून सहा दिवसांची भाजी एकदम उचलली, स्वस्त पडली म्हणून स्वतःची पाठ थोपटली. जेजुरीच्या मुक्कामी ताडपत्री गळली आणि वाल्ह्यात पोती उघडली तर टोमॅटोचा लगदा. बायकांनी मला त्यानंतर तीन वर्षं 'टोमॅटोमहाराज' म्हणून हाक मारली.

आणि तिसरी गोष्ट पाऊस. तो माझ्या वहीत कुठेच नसतो. ताडपत्री वहीत असते, पाऊस नसतो.

तुमच्या आयुष्यातल्या गोष्टी आधी या तीन ढिगांत वाटा. तुमची गडबड अशी झालीय की डाळ तुम्ही मुक्कामावर सोडली आहे, भाजी पाच वर्षांची आत्ताच घ्यायला निघाला आहात, आणि पावसाचा हिशेब रात्री तीनला करत बसता.

तुमची डाळ कोणती? मी तुमच्या जागी असतो तर चार गोष्टी सप्टेंबरच्या आधी ट्रकमध्ये चढवल्या असत्या.

पहिली, आरोग्य विमा. कंपनीचा गटविमा असेल तर तो नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी घेतली तरी पहिले तीस दिवस अपघात सोडून बाकी आजारपणाला ती सहसा लागू होत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तर तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे नोकरी गेल्यावर घ्यायची ही वस्तू नव्हे, पगार चालू असताना घ्यायची. आईचं रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही आत्ताच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांना, यादीतल्या दवाखान्यात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण दवाखान्याच्या दारात नावातली वेलांटी चुकलेली सापडते, तेव्हा माणूस देवाला शिव्या देतो. तो वेलांटीचा दोष असतो.

दुसरी, पीएफ. तुमच्या यूएएनला, म्हणजे पीएफच्या नंबराला, आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का, नाव-जन्मतारीख जुळते का, ठेकेदाराने पैसे खरंच भरलेत का, पासबुक उघडून पाहा. एचआरचा माणूस फोन उचलतोय तोवरच ही कामं होतात. अनुभवाची पत्रं, पगाराच्या स्लिपा, सगळं आत्ता घ्या.

तिसरी, तीन महिन्यांचा घरखर्च अधिक तीन हप्ते, वेगळ्या खात्यात. पूर्ण जमणार नाही, मला कल्पना आहे. जमेल तेवढं करा. दीड महिन्याचं साठलं तरी रात्री तीनची जाग साडेचारवर जाते, असा माझा अनुभव आहे. आणि चौथी, बायकोला सगळे आकडे माहीत असणं. याला पैसा लागत नाही, पण तुमच्या पत्रात 'तिला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही' असं वाक्य आहे, तिथे मी थबकलो. दिंडीत डाळ किती उरली हे फक्त कोठीवाल्याला माहीत असेल आणि कोठीवाला आजारी पडला, तर पंगत उपाशी राहते.

आता भाजी. पुढची नोकरी कुठली, पुण्यात राहायचं की गावी जायचं, मुलीची शाळा, नवं काही शिकायचं का, ही सगळी मुक्कामाची कामं. आमच्याकडे मुक्काम ठरलेले असतात, तरी तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला की एखाद्या गावचा मुक्काम वाढतो, एखादा कमी होतो. वारी त्याने थांबत नाही, वेळापत्रक त्यातून वाट काढतं. तुम्ही तसे मुक्काम ठरवा. आत्तापासून जुलैअखेर पहिला. या काळात फक्त डाळ भरायची आणि पाच-सहा ठिकाणी नोकरीची विचारणा करून ठेवायची, बस. शाळा बदलायची का याचा विचार या मुक्कामात करायचाच नाही, वहीत 'ऑगस्ट' लिहायचं आणि वही मिटायची. दुसरा मुक्काम ऑगस्टअखेर: तोवर कंपनीने लेखी काही दिलं नाही तर कंत्राट संपलं असं धरूनच चालायचं. तोंडी आश्वासनाला मी पावसाच्या ढगाएवढीच किंमत देतो. तिसरा दिवाळी. त्याच्या पलीकडचं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या नोकरीत मी कुठल्याही शेतकऱ्याला पुढच्या पाच वर्षांचं पीक नियोजन खात्रीने सांगू शकलो नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांची शेतं मी पाहिली आहेत.

मित्राचा पाच वर्षांचा प्लॅन मी टाकून द्या म्हणत नाही. दिशा म्हणून ठेवा. पंढरपूर कुठल्या बाजूला आहे हे माहीत असावंच लागतं. पण त्यातल्या तारखा आणि आकडे खरे मानू नका. हवामान खातं सांगतं, यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. तो आकडा खरा ठरला तरी तुमच्या शिवारात तो कोणत्या आठवड्यात पडला यावर पीक येतं. चार महिन्यांची सरासरी चांगली आणि मधे पंचवीस दिवसांची उघडीप, यात माणूस बुडतो.

आता दुकान. हे मात्र भाजीही नाही आणि डाळही नाही. ही पेरणी आहे. भाजी चुकली तर एका पंगतीला पिठलं करता येतं. बी एकदा मातीत गेलं की परत गोणीत येत नाही. म्हणून इथे मी सगळ्यात हळू चालतो, आणि इथेच ते २०१५ साल सांगायला हवं.

कोरडवाहू भागात आम्ही घसा कोरडा पडेपर्यंत सांगत असू: पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. जमिनीत ओल खोल उतरू द्या, वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, येऊ द्या. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि पुढे उघडीप पडली तर उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणीचा भुर्दंड बसतो. हे मी शेकडो बैठकांत सांगितलं. २०१५ला हवामान खात्याने तर आधीच सावध केलं होतं, जूनच्या सुरुवातीला अंदाज अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर आणला होता. तो कागद मीच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे दोन दिवसांत अठ्ठेचाळीस मिलिमीटर पाऊस झाला, शेजारच्यांनी तिफणी काढल्या, आणि मी, एवढा शहाणा कृषी सहाय्यक, माझ्या दीड एकरात बाजरी आणि बांधाकडेला मटकी पेरून मोकळा झालो. मनात काय होतं सांगू? "पांडुरंग देईल पाऊस. आपण त्याची इतकी सेवा करतो." पेरताना चक्क हे शब्द मनात होते.

त्या वर्षी अधिक आषाढ आला होता, त्यामुळे वारी जुलैत गेली, आषाढी एकादशी २७ जुलैला. जुलैत पावसाने पाठ फिरवली. फलटणच्या मुक्कामी घरून फोन आला: बाजरी गेली, मटकी माना टाकतेय. सहा-सात हजार रुपये मातीत गेले. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. विठ्ठलाने मला फसवलं असं वाटलं. त्या रात्री मी हरिपाठाला बसलो नाही. सकाळी पहिली दहिवडीची एसटी पकडून घरी जायचं ठरवलं आणि पिशवी भरायला लागलो.

दिंडीत वीणा घेऊन चालणारे आमचे तेव्हाचे विणेकरी बाबा ऐंशीच्या घरातले, शेतकरीच. त्यांनी विचारलं, "घरी जाऊन काय करणार?" म्हटलं, बघतो. "बघून काय करणार?" मला उत्तर देता येईना. मग ते म्हणाले, "किती तारखेपर्यंत बाजरी पेरता येते तुमच्या पुस्तकात?" म्हटलं, जुलैअखेर. "मग पुतण्याला सांग, बी आणून ठेव. पाऊस झाला, वाफसा आला तर पेर. तीस तारीख उलटली तर गोणीला हात लावू नको, रान ज्वारीला ठेव. एवढं सांगायला एसटी कशाला पाहिजे? फोन आहे की." आणि थोडं थांबून म्हणाले, "पाऊस पाडीन असं पांडुरंगाने तुला कधी सांगितलं होतं? मला तरी नाही सांगितलं."

मी पुतण्याला फोन केला, खूण सांगितली, तारीख सांगितली आणि पुढच्या मुक्कामाच्या, बरडच्या वाटेला लागलो. तुम्हाला वाटेल, आता पाऊस येणार. नाही आला. तीस तारीख गेली, बी गोणीतच राहिलं, आणि ते राहिलं म्हणून दुसऱ्यांदा पैसे बुडाले नाहीत. सप्टेंबरात थोडा पाऊस झाला, रब्बीची ज्वारी पेरली, चार पोती झाली आणि जनावरांना कडबा झाला. चमत्कार वगैरे काही घडला नाही. घडलं ते एवढंच की फलटण ते पंढरपूर मी नीट चाललो आणि नीट झोपलो.

त्या दिवसापासून परत न फिरवता येणाऱ्या कुठल्याही निर्णयाला मी तीन गोष्टी आधी लिहून ठेवतो: कोणती खूण दिसली की करायचं, कोणत्या तारखेनंतर करायचं नाही, आणि बुडालं तर किती बुडालेलं चालेल. मन शांत असताना लिहायचं. ढग दाटून आल्यावर लिहायला बसलं तर प्रत्येक ढग पावसाचाच वाटतो.

तुमच्या दुकानाला हे लावून बघा. पेरणीआधी आम्ही उगवणक्षमता तपासतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी मोड मोजायचे. पिशवीवर काय छापलंय याला महत्त्व नाही. मेव्हण्यांच्या दुकानाचे शंभर दाणे कुठले? तीन लाख द्यायच्या आधी आठ रविवार त्या भागातल्या एखाद्या चालत्या हार्डवेअरच्या दुकानात उभे राहा, ओळखीने, बिनपगारी. गिऱ्हाईक किती येतं, उधारी किती, माल किती दिवस पडून राहतो, भाडं काढून काय उरतं. मेव्हणेही रविवारी येतात का, तेही कळेल; माझ्या मते तीच खरी उगवणक्षमता. भागीचं लेखी करायला त्यांनी नाक मुरडलं तर तिथेच थांबा. आणि तीन लाख जर नवं कर्ज काढून घालायचे असतील तर माझं उत्तर सरळ 'नको' असं आहे. एक हप्ता चालू असताना, पगार अनिश्चित असताना, दुसरं बी उधारीवर आणून पेरायचं नसतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: विमा-कागदपत्रं-शिल्लक आत्ता, नोकरी-शाळा-गाव मुक्कामागणिक, दुकान खूण दिसल्यावरच, आणि कंपनी काय करणार हे वहीत लिहायचंच नाही.

मग यात देव कुठे आला, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं, कारण तुमचा मूळ प्रश्न तो आहे.

आई म्हणते विठ्ठलावर सोड, त्यात मला काही चूक दिसत नाही. तिच्या पिढीने फार कमी गोष्टी हातात असताना संसार केले. पण ती 'सोड' म्हणाली तेव्हा स्वतः काय करत होती आठवून बघा. माझी आई हेच म्हणायची आणि म्हणता म्हणता ज्वारीच्या कणगीला राखेचा हात फिरवत असायची, कीड लागू नये म्हणून. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्या लोकांनी आळशाची टिंगल करायला काढली आहे. हल्ली लोक ती श्रद्धेचं वचन असल्यासारखी वापरतात तेव्हा मला हसू येतं.

तुकोबांचं उदाहरणही असंच उलटं दिलं जातं. दुष्काळात धंदा बुडाला, घरात मरणं झाली, मग त्यांनी खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवली आणि सगळं देवावर सोडलं, असं सांगतात. पण बुडवली कुठली? परंपरा सांगते ती अशी की लोकांकडून येणं होतं ती खतं. निम्मी भावाच्या वाट्याची भावाला देऊन, आपल्या वाट्याची बुडवली. आपण दुसऱ्याचं देणं लागतो ते बुडवायला त्यात कुठेही परवानगी नाही. तेव्हा तुमचा अकरा हजारांचा हप्ता पाच तारखेला गेलाच पाहिजे, माऊली.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती विटेची गोष्ट. पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता, देव दारात आला, तर याने वीट फेकली आणि म्हणाला, उभा राहा, हातातलं काम आवरतो. आणि देव उभा राहिला. अजून आहे. आपण ज्याला भेटायला अडीचशे किलोमीटर चालतो, तो मुळात एका माणसाचं हातातलं काम संपायची वाट पाहत थांबलेला आहे. तुम्ही आईच्या कागदपत्रांसाठी तहसीलच्या रांगेत उभे असाल त्या वेळी देवापासून लांब गेलात असं मानायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

भरवसा मला काय देतो, असं विचाराल तर अगदी बारीक गोष्ट आहे. ताडपत्री बांधून झाली, दोऱ्या ताणून झाल्या, डाळ झाकली. आता आभाळाकडे बघत बसायचं का झोपायचं, हा प्रश्न उरतो. तिथे तो कामाला येतो. ताडपत्री बांधायला नाही येत. आणि दुसरं, सगळे पेरायला लागले तेव्हा गोणीवर बसून राहायला जे बळ लागतं, ते मला एकट्याच्या अकलेतून येत नाही. २०१५ला अक्कल पूर्ण होती, कागद माझ्याच हातचा फळ्यावर होता.

नवसाच्या वाटेला जाऊ नका एवढं मात्र सांगतो. 'कंत्राट वाढलं तर पायी येईन' हा व्यवहार झाला, आणि व्यवहार फिसकटला की माणूस देवावर रुसतो. मी फलटणला रुसलो होतो तसा. शकुनांचंही तेच. मुलाखतीला जाताना मांजर आडवं गेलं, देवाच्या डोक्यावरचं फूल उजवीकडे पडलं, याला मी खूण म्हणत नाही. खूण म्हणजे पर्जन्यमापकात मोजता येते ती. ज्योतिषाला द्यायचे हजार रुपये विम्याच्या हप्त्यात घाला.

एक गोष्ट आमच्या सोहळ्यातून उचलून घरात आणा. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळ चाललेले. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात की लाखभर माणूस गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात, तिथल्या तिथे निवाडा होतो. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, आरती होते आणि माणसं पांगतात. उद्याचं तेवढंच सांगतात, परवाचं नाही. तुमच्या घरात रोज रात्री दहा मिनिटं असं ठेवा. तुम्ही, बायको, हवं तर मुलगीही. आज काय हरवलं, काय सापडलं, उद्या कोण काय करणार. ज्याला तक्रार आहे त्याने टाळ वाजवत राहायचं, म्हणजे मनात ठेवायचं नाही. मग देवासमोर दिवा लावा आणि त्या दिवसापुरती वही बंद. आमच्याकडे हे गेली दहा वर्षं चालतं. भांडणं कमी झाली असं म्हणणार नाही, वेळेवर व्हायला लागली.

माझं हे सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. गावी स्वतःचं घर आणि थोडी पाण्याखालची जमीन असेल तर तुमचे मुक्काम लांब पडले तरी चालतील. नसेल तर ऑगस्टच्या आत कमी पगाराची का होईना दुसरी जागा पकडणं बरं. बायको कमावती असेल तर गणित वेगळं. कर्ज बँकेचं आहे की खासगी सावकाराचं, यावर तर फार अवलंबून आहे; सावकाराचं असेल तर तेच आधी फेडायला घ्या, शिल्लक नंतर. आणि रोज तीनला जाग येतेय, जेवण जात नाही, छातीत धडधडतंय असं तीन-चार आठवडे चालू असेल तर डॉक्टरांकडे जा. दिंडीत कुणाच्या पायाला फोड आला तर आम्ही नामस्मरण वाढव म्हणत नाही, मलम लावून ट्रकमध्ये बसवतो.

२०२०ला आम्ही फेब्रुवारीतच ट्रकचा विसार दिला होता, भिशीही जमा होऊ लागली होती. मग टाळेबंदी लागली. डाळ घेतलेली नव्हती हे नशीब. भिशी एकेकाला परत केली, हिशेब लिहून. त्या वर्षी माऊलींच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या आणि आम्ही ते घरी टीव्हीवर पाहिलं. मी वही काढून कोरं पान उघडलं होतं, सवयीने. त्यावर आमच्या मंडळीने वाणसामानाची यादी लिहिली.

तर वारीला यावं का? नोकरी टिकावी म्हणून येणार असाल तर येऊ नका. सहज येणार असाल तर यंदा एकच दिवस या, पुणे ते सासवड. तीस-बत्तीस किलोमीटरची मोठी चाल आहे, मधे दिवे घाट. छत्री आणू नका, हात अडकतो. प्लास्टिकचा कागद आणा. नवे बूट घालू नका, वापरलेल्या चपलाच बऱ्या. मुलीला आणायचं झालं तर घाटाच्या पायथ्यापर्यंतच आणा. त्या दिवशी बहुतेक वेळा एकादशी असते, त्यामुळे जेवायला खिचडी. येणार असाल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा. साबुदाणा रात्रीच भिजवावा लागतो.